जुन्या गाडीच्या रिमला रंग मारावा की पावडर कोटिंग करावं?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे जुनी गाडी जपणारा माणूस शोधावा लागत नाही. कुणाच्या वाड्यात पद्मिनी उभी असते, कुणाची मारुती ८०० अजून रोज बाजाराला जाते, शेताच्या रस्त्याला कमांडर नाहीतर सुमो दिसते. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये बंद झालं, म्हणजे त्यातली सगळ्यात तरुण गाडीही आता दहा वर्षं ओलांडून गेली. बॉडीचं डेंटिंग-पेंटिंग झालं, सीट कव्हरं नवी आली, की नजर चाकांवर जाते. सिल्वर उडालेला, नटांभोवती तांबूस ओघळ, आतल्या बाजूला गेल्या पावसाळ्याची काळी माती वाळून दगड झालेली.

मग टपरीवर दोन तट पडतात. एक म्हणतो, पावडर कोटिंग कर, पुन्हा बघायला नको. दुसरा म्हणतो, स्प्रेचे कॅन आण, रविवारी काम उरकतं. दोघांचंही अर्धं खरं आहे. काय करायचं ते रिमच्या अवस्थेवर ठरतं. आणि पावडर करायची, म्हणजे रंगाची कोरडी भुकटी फवारून ती भट्टीत पक्की करायची ठरली, तर टिकाऊपणा पावडरच्या पुड्यापेक्षा दुकानदाराच्या पूर्वतयारीवर जास्त अवलंबून असतो. आपल्याकडची माझ्या पाहण्यातली दुकानं मुख्यतः कपाटं, ग्रील, स्टार्टरच्या पेट्या यांचं काम करतात. गाडीचं चाक त्यांच्याकडे कधीतरीच येतं, म्हणून काही गोष्टी आपणच आधी सांगाव्या लागतात.

आमच्याकडचा एक म्हातारा पंक्चरवाला गिऱ्हाइकाला एवढंच सांगतो, "भाऊ, पहिले रिम देखी ले, मंग रंगनं बोल." तिथूनच सुरुवात करू.

रिम तपासणे

आधी चुंबक लावा. चिकटला तर लोखंडी रिम, नाही चिकटला तर अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमची. जुन्या गाडीला मागच्या मालकाने बाहेरून अलॉय बसवलेले असणं सर्रास आहे, त्यामुळे गृहीत धरू नका.

टायर उतरवल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. टायरची कड जिथे रिमवर बसते ती जागा, वजनं लावलेली कड आणि व्हॉल्व्हचं भोक इथे गंज सगळ्यात खोल गेलेला असतो. तारेच्या ब्रशने पापुद्रे काढा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. टोक आत रुतलं किंवा पत्रा लवला, तर ती रिम रंगाची नाही, भंगाराची. ८०० किंवा ओम्नीची बरी बारा इंची लोखंडी रिम जुन्या बाजारात मिळते, तिच्यासाठी जीव धोक्यात घालायचं कारण नाही.

मग तडे बघा. लोखंडी रिममध्ये ते नटांच्या भोकांभोवती आणि मधली ताटली बाहेरच्या कड्याला जिथे वेल्ड केलेली असते तिथे पडतात. अलॉयमध्ये आतल्या कडेला आणि दांड्यांच्या मुळाशी. शंका असेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडे डीपी टेस्टचा संच असतो. जागा क्लीनरने साफ करायची, लाल द्रव मारून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, वरचा पुसून पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटून येते. हे काम रंगाच्या आधीच करायचं, कारण पावडरचा जाड थर असा तडा बेमालूम झाकून टाकतो.

वाकलेली रिमही आधीच सरळ करून घ्या. कोटिंगनंतर प्रेसखाली घातली की थर तडकतो.

कोणत्या रिमला काय

लोखंडी रिम, गंज वरवरचा, पत्रा गुळगुळीत: डोळे झाकून पावडर कोटिंग. खडी उडाली, शेतरस्त्यावर घासली तरी ते साध्या रंगापेक्षा कितीतरी चांगलं टिकतं.

लोखंडी रिम मजबूत, पण गंजाने देवीच्या वणासारखे खड्डे पडलेली: इथे मी रंगाच्या बाजूने आहे. पावडर खड्डे भरत नाही, उलट चकाकी आली की ते जास्तच उठून दिसतात. आधी पुट्टी भरून मग पावडर करू, असं कुणी सांगितलं तर थांबवा. गाडीच्या डेंटिंगची नेहमीची पुट्टी भट्टीच्या १८०-२०० अंशांत टिकत नाही, फुगते नाहीतर सुटते. भट्टीत टिकणारी धातूमिश्रित पुट्टी वेगळी येते, ती दुकानात आहे का ते विचारा. रंगकामात मात्र पुट्टी, सरफेसर, घासकाम करून हे खड्डे सहज लपवता येतात.

अलॉय रिम: दोन्ही चालतं, पण पावडरवाला अलॉयचं काम जाणणारा हवा. याबद्दल पुढे सविस्तर आहे. ज्या अलॉयचा चेहरा लेथवर कापून चमकवलेला असतो, त्याला पावडर केली की ती चमक कायमची गेली. क्रोमची रिम घरी रंगवायच्या भानगडीत पडू नका, क्रोमवर रंग धरत नाही.

खर्चाचा हिशेब करताना नुसता दर नगाचा भाव विचारून फसगत होते. टायर उतरवणे-चढवणे, ब्लास्टिंग (दाण्यांचा जोरात मारा करून गंज काढणे), नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग हे सगळं वेगळं लागतं. म्हणून हे काम नवे टायर टाकायच्या वेळेसच काढावं, म्हणजे उतरवणी-चढवणी एकदाच होते. टायरच्या कुशीवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. एवढा जुना टायर नव्या रिमवर परत चढवण्यात अर्थ नाही.

गाडी उभी करणे

रंग घरी मारणार असाल तर स्टेपनी आधी रंगवा, मग ती एका चाकाच्या जागी लावून ते चाक काढा, असं एकेक करत पाचही होतात आणि गाडी रस्त्यावर राहते. पावडरचं तसं नाही. सिल्वरच्या दोन पुड्यांमध्ये छटेचा फरक पडतो, म्हणून पाचही रिम एकाच घाण्यात करून घ्यायच्या आणि तोवर गाडी चार घोड्यांवर, म्हणजे गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर, उभी ठेवायची. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी सोडू नका. विटेचा भरवसा नाही, आणि घरात पोरं असतात.

चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल करा, मग जॅक लावा. जुन्या गाडीत ड्रमला रिम गंजून चिकटलेली असते. मधल्या भोकाला गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी टायरवर रबरी हातोड्याने आलटून पालटून ठोका. रिमवर ठोकायचं नाही.

पावडर कोटिंग: दुकानात काय घडतं आणि तुम्ही काय बघायचं

पावडर म्हणजे रंगीत प्लास्टिकची बारीक भुकटी. बंदुकीतून निघताना तिला हजारो व्होल्टचा विद्युतभार मिळतो, रिम आकड्याला टांगून तिला अर्थिंग दिलेलं असतं, त्यामुळे भुकटी तिच्याकडे ओढली जाऊन चिकटून बसते. मग रिम भट्टीत जाते. १८० ते २०० अंशांवर पावडर वितळते, पसरते आणि पक्की होते. एकदा पक्की झाली की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे मे महिन्यातलं भुसावळचं ऊन किंवा ब्रेकची नेहमीची धग तिचं काही बिघडवत नाही. थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा येतो.

पहिला प्रश्न विचारायचा तो पावडरच्या जातीचा. बाहेर उन्हात राहणाऱ्या वस्तूला शुद्ध पॉलिएस्टर पावडर लागते. इपॉक्सी किंवा इपॉक्सी-पॉलिएस्टरची मिश्र पावडर घरातल्या कपाटाला उत्तम, पण उन्हात वर्षभरात खडूसारखी पांढरट पडते. कपाटवाल्याच्या बादलीत बहुधा मिश्रच असते. सिल्वर हवा असेल तर आरएएल ९००६ ही छटा मागा, जुन्या लोखंडी रिमच्या मूळ रंगाच्या ती बरीच जवळ जाते. धातूची चमक असलेल्या पावडरवर पॉलिएस्टर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक पावडरचा, दुसरा थर मारून घ्या, नाहीतर चमक लवकर काळवंडते.

दुसरा प्रश्न साफसफाईचा. बहुतेक ठिकाणी टाक्यांची रांग असते: तेलकटपणा काढणारं द्रावण, पाणी, गंज काढणारं ॲसिड, पाणी, फॉस्फेट, पुन्हा पाणी. फॉस्फेटच्या थरामुळे पावडर धातूला घट्ट धरते, ती टाकी वगळू देऊ नका. मात्र लोखंडी रिमचा एक घोळ आहे. मधली ताटली आणि कडं यांच्या जोडात बारीक फट असते. रिम ॲसिडमध्ये बुडवली की ते त्या फटीत शिरतं आणि साध्या धुण्याने निघत नाही. वरून पावडर छान दिसते, आणि महिन्या-दोन महिन्यांत जोडातून तांबडी धार ओघळायला लागते. त्यापेक्षा गंज ब्लास्टिंगने काढून घ्यावा आणि रिमला ॲसिड दाखवूच नये. फॉस्फेट आणि पाण्यानंतर रिम भट्टीत नीट वाळवून मगच फवारायला घ्यायला सांगा. ब्लास्टिंग झालेलं उघडं लोखंड त्याच दिवशी पावडरखाली गेलं पाहिजे. पावसाळ्यात तर चार तासांत त्यावर पिवळसर झाक येते.

तिसरी गोष्ट कोपऱ्यांची. विद्युतभार कडांवर गोळा होतो, म्हणून कडेला पावडर भरपूर बसते आणि ताटली-कड्याच्या खाचेत, हवेच्या भोकांच्या आतल्या अंगाला जेमतेम. नेमकी आपल्याकडची चिकट काळी माती तिथेच अडकते आणि ओल धरून ठेवते. खाचा आधी, मागच्या बाजूने, व्होल्टेज कमी करून मारायला सांगा, चेहरा शेवटी. भट्टीत जाण्याआधी मोबाइलची बॅटरी लावून खाचेत बघा. धातू दिसत असेल तर तेव्हाच परत मारून घेता येतं.

चौथी गोष्ट, आणि यात जिवाचा संबंध आहे: नटांची बसायची जागा. चाकाचा नट शंकूसारख्या खोलगट जागेत धातूला धातू घासून बसतो. तिथे पावडरचा थर राहिला तर नट थरावर आवळला जातो, गाडी चालताना तो थर दबतो, झिजतो, आणि नट सैल होतात. रिमची मागची सपाट बाजू, जी ड्रमला किंवा डिस्कला टेकते, तिचंही तेच. या जागा भट्टीत टिकणाऱ्या टेपने किंवा सिलिकॉनच्या बुचांनी झाकायच्या असतात. साधी कागदी मास्किंग टेप भट्टीत करपते. बुचं नसतील तर सोपा उपाय आहे: भट्टीत जाण्याआधी पावडर नुसती भुकटी असते, कोरड्या फडक्याने त्या जागा पुसून घेतल्या की झालं. हे काम मी दुकानदाराला सांगून सोडत नाही, तिथे उभा राहून करवून घेतो. त्याला राग येतो, येऊ द्यावा.

शेवटचं भट्टीचं. कपाटाचा पत्रा एक मिलिमीटरच्याही आत असतो, तो चटकन तापतो. रिमची ताटली त्याच्या कितीतरी पट जाड. भट्टीचा काटा २०० दाखवत असला तरी रिमचं लोखंड तिथवर पोचायला वेळ लागतो. पावडरच्या पुड्यावर दिलेली दहा किंवा पंधरा मिनिटं धातू तापल्यानंतरची असतात. कपाटाच्याच वेळेत रिम बाहेर काढली तर ती दिसायला झकास, पण थर कच्चा राहतो आणि पहिल्या खडीला टवके उडतात. थंड झाल्यावर कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून मागच्या बाजूला वीस-पंचवीस वेळा घासा. चकाकी गेली, रंग बोळ्याला लागला, तर परत भट्टीत टाकायला सांगा.

अलॉय पावडरला देताना

लोखंडाच्या त्याच टाक्यांत अलॉय बुडवू देऊ नका. तेल काढायच्या द्रावणात बहुधा कॉस्टिक असतं आणि गंज काढायच्या टाकीत ॲसिड. ॲल्युमिनियमला दोन्ही खातात. ब्लास्टिंगही बारीक दाण्याचं आणि कमी दाबाचं हवं. ओतीव ॲल्युमिनियममध्ये बारीक छिद्रं असतात. त्यातली हवा आणि तेलाचा अंश भट्टीत बाहेर येताना थरात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतो. म्हणून जाणता कारागीर रिम आधी नुसतीच भट्टीत भाजून घेतो, थंड होऊ देतो, मग पावडर मारतो.

अलॉयला कारखान्यात ठरावीक तापमानाला ठेवून मजबुती आणलेली असते. त्यामुळे २०० च्या वर जायचं नाही, आणि एकच रिम पुन्हा पुन्हा भट्टीत घालायची नाही. जुनी पावडर काढायला भट्टीत जाळून टाकू, असं कुणी म्हणालं तर रिम उचला आणि घरी या.

घरी रंग मारणे

मुहूर्त महत्त्वाचा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी स्प्रे मारला, तर थिनर हवेतच उडून जातो आणि रंग रिमवर कोरडा, खरबरीत बसतो. वर वावटळीची धूळ. पावसाळ्यात उलट, हवेतली वाफ रंगात अडकून पांढुरकी झाक येते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचा महिना तर सगळेच रंगारी लग्नाच्या गाड्यांत अडकलेले असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला, पण धुळ्याच्या थंडीत सकाळी आठला नाही, अकरा ते तीनच्या दरम्यान. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे, आणि थिनर सावकाश उडणारा मागा.

रिम साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, थिनरने पुसा. जुना रंग घट्ट असेल तर सगळा खरवडायची गरज नाही, त्याच्या कडा १२० च्या पेपरने उतरत्या करा. गंजाच्या जागा मात्र उघड्या धातूपर्यंत न्या. खड्ड्यांच्या तळाशी उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावा, तो काळा पडला की समजा काम झालं. मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. त्यावर पुट्टी, वाळल्यावर २२० ने घासणे, सरफेसर, आणि ४०० च्या वॉटर पेपरने पाणी लावून शेवटचं घासकाम. अलॉय असेल तर उघड्या धातूवर ॲल्युमिनियमला चालणारा प्रायमरच वापरा, साधा रेड ऑक्साइड तिथे धरत नाही.

रिम उलट्या बादलीवर आडवी ठेवा, म्हणजे सभोवती फिरता येतं. आधी मागची बाजू. सिल्वरचे तीन पातळ हात, प्रत्येकात दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. पहिल्या हातात खालचा प्रायमर दिसला पाहिजे. एकाच हातात झाकायला गेलात तर ओघळ आलाच. शेवटी क्लिअरचे दोन हात. नटांच्या जागा आणि मागची टेकायची बाजू इथेही झाकायचीच.

स्प्रे कॅन की कॉम्प्रेसर? साध्या कॅनचा रंग पेट्रोलच्या थेंबाने आणि ब्रेकच्या तेलाने विरघळतो. हार्डनर घालून मारायचा दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग त्यापेक्षा कितीतरी टणक होतो, म्हणून निदान क्लिअर तरी तोच घ्या. हार्डनरचं प्रमाण डब्यावरचंच पाळा, आणि उन्हाळ्यात थोडं थोडं कालवा, डब्यातच घट्ट होतं. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला बाधतं आणि दमा लावतं. तोंडाला रुमाल बांधून हे काम होत नाही. रासायनिक वाफ अडवणारा काडतुसाचा मास्क हवा, तो नसेल तर रिम पेंटरकडे द्या.

टायर न उतरवताच रंगवायचं असेल तर हवा सोडा, टायरची कड थोडी दाबा आणि फटीत सभोवार जुन्या लग्नपत्रिका खोचा. त्या जाड असतात, आणि कमी पडत नाहीत. हा उपाय चेहऱ्यापुरता आहे, कडेच्या आतला गंज तसाच राहतो.

चाकं परत चढवताना

पावडरची रिम थंड झाली की त्याच दिवशी टायर चढवता येतो. पीयू रंगाला निदान तीन-चार दिवस, जमलं तर आठवडा द्या. लोखंडी पट्टीने टायर चढवणाऱ्याकडे हे काम देऊ नका, सगळी मेहनत कडेवर सोलून निघते. मशीनवाला गाठा, साबणाचं पाणी भरपूर लावायला सांगा, व्हॉल्व्ह नवे घ्या. टायर ट्यूबलेस असेल तर कडेला साबणाचं पाणी ओतून बुडबुडे येतात का ते बघा. वजनं ठोकायची नसून चिकटवायची मागा, कडेला ओरखडा पडत नाही.

ड्रमचा टेकायचा भाग ब्रशने साफ करून ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, पुढच्या वेळी रिम चिकटणार नाही. स्टडला किंवा नटाच्या जागेला ग्रीस लावू नका. नट समोरासमोरचे, फुलीच्या क्रमाने आवळा, शेवटचा जोर टॉर्क पान्ह्याने. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासा. तेव्हा एखादा नट सरळ पाव आटा फिरला, तर चाक उतरवून त्याच्या जागेत रंगाचा थर राहिलाय का ते बघा.

पुढे खडी लागून टवका उडाला तर दोन्ही प्रकारांत लगेच हात घाला. रंगाच्या रिमवर तेवढीच जागा घासून प्रायमर आणि सिल्वर मारला की कळतही नाही. पावडरवर पावडर तेवढ्याच जागेपुरती बसवता येत नाही, पण उघडं लोखंड तसंच सोडलं तर ओल थराखाली शिरते आणि पुढे तो सालीसारखा निघून येतो. टवक्याची कड घासा, इपॉक्सी प्रायमर आणि जुळत्या रंगाचा ठिपका लावा. छटा किंचित वेगळी दिसेल. धुताना बाथरूमचं ॲसिड वापरू नका, साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. पाऊस उघडला की रिमच्या मागच्या खाचेतली काळी माती मात्र ओली असतानाच पाण्याच्या फवाऱ्याने काढा. वाळल्यावर ती काढायला छिन्नी लागते.